जास्तीचा काप

मेंदूचे काप काचेत बसवायचं काम गेली एकोणीस वर्षं काचताईंकडे होतं. त्यांचं खरं नाव विभागात आता कुणाच्या तोंडी नव्हतं. फॉर्मालिनमध्ये घट्ट झालेला मेंदू यंत्रावर चार-चार मिलिमीटरने कापायचा, थंडगार अ‍ॅसिटोनमध्ये त्यातलं पाणी काढायचं, पाण्याच्या जागी रेझिन मुरवायचं, मग दोन काचांमध्ये धरून निळ्या दिव्याखाली कडक करायचं. एक बुडबुडा राहिला, की महिन्याची मेहनत पाण्यात.

या खेपेचा मेंदू देहदान केलेल्या एका घड्याळजींचा होता. काप चोवीस. सोमवारी दिव्याखालून काढले, तर पंचवीस!

"मोजता येत नाही का?" विभागप्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा मिसळला असला, तर त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं?"

काचताईंचं डोकंच फिरलं. त्यांनी वही काढली. प्रत्येक टप्प्याला चोवीस आणि खाली त्यांचीच सही. महिनाभरात दुसरा मेंदू खोलीत आलाच नव्हता. जास्तीचा काप त्यांनी बाकीच्यांशी लावून पाहिला. कुठेच जुळेना. कोपऱ्यात चिठ्ठी मात्र होती: पंचवीस. अक्षर त्यांचंच.

बुधवारी सव्वीस झाले. काचताई तणतणत प्रमुखांकडे गेल्या.

"सकाळीच सांगून गेलात की," ते म्हणाले.

"मी? मी आत्ता येतेय!"

"समोर बसून चहा घेतलात, ताई."

म्हातारा चळला, असं पुटपुटत त्या परतल्या, तर मुलीचा फोन.

"आई, शनिवारचं नक्की ना?"

"कसलं शनिवारचं?"

"अगं, काल अर्धा तास बोललो आपण! माझा नववा महिना सरत आलाय, तू राहायला येणार म्हणालीस."

"काल तुझा फोनच नव्हता."

"आई, गंमत करू नकोस हं."

"गंमत तूच लावलीयस. ठेव आता, हात भरलेत माझे."

सगळ्यांनी मिळून आपल्याला छळायचं ठरवलंय, यात त्यांना शंका उरली नाही. रागारागात त्यांनी जास्तीचे दोन्ही काप एकमेकांवर ठेवले. रेषेला रेष मिळाली. एकाच मेंदूतले, लागून कापलेले.

शुक्रवारी दुपारी सत्ताविसावा निघाला.

हा करडा नव्हता. फिकट गुलाबी होता. फॉर्मालिन कधी न लागलेला.

काच कोमट होती.

फोन वाजला. कुणी तरी रडत होतं.

"आई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात नेतायत मला. लगेच निघ ना!"

"कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी आहे गं!"

"नंबर चुकलाय तुमचा," काचताई जमेल तेवढ्या सौम्यपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तो पुन्हा वाजला. पुन्हा वाजला. शेवटी त्यांनी बंदच करून टाकला. माणसाला धड काम करू देत नाहीत!

बिचारीचे दिवस भरले होते. अशा वेळी हिची आई कुठे उलथलीय कोण जाणे, असं पुटपुटत त्यांनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली.