साफ केलेली मरळ

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा. स्वरूपने स्वतः ती सांगितली, आणि स्वरूपला खोटं बोलताच येत नाही. एकदा वर्गात दुसऱ्याची हजेरी लावताना त्याने स्वतःचंच नाव सांगितलं होतं.

संगमेश्वरपासून आत गेलं की डोंगरांमध्ये एक मोठं धरण आहे. नाव सांगत नाही, गाववाले चिडतात. गेल्या मार्गशीर्षातली पहाट. पाण्यावर इतकं धुकं की होडीच्या एका टोकाला बसलेल्याला दुसरं टोक दिसत नव्हतं.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी.

आदल्या वर्षी याच महिन्यात स्वरूपचे वडील, काशीराम, याच धरणावर मासे धरायला गेले होते.

होडी मिळाली. काशीराम मिळाले नाहीत.

पाणबुडे आले, गळ टाकून झाले. काही नाही. गावाने ठरवलं, गेला. मुंबईचे विनोदकाका म्हणाले, दर्भाचा पुतळा करू, तो जाळू आणि क्रिया उरकू.

फक्त मालन, स्वरूपची आई, ऐकेना. "मेल्याला बघितल्याशिवाय मी कुंकू पुसायची नाय," एवढंच तिचं म्हणणं. ती नवऱ्यासाठी मार्गशीर्षातले गुरुवार धरायची, हळदीकुंकवाला बोलवायची. बायका दारापर्यंत यायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि घरी काम राहिल्याचं त्यांना आठवायचं.

वर्ष असंच गेलं. आई उंबऱ्यात बसायची. रात्री भात झाकून ठेवायची. स्वरूपला वाटायचं, काहीतरी सापडावं. सदरा, चप्पल, काहीही. म्हणजे आई सुटेल.

म्हणून तो नबीलला घेऊन गेला.

नबील त्याचा कॉलेजचा मित्र, खाडीकाठचा. मस्कतला नोकरी, सुट्टीवर आलेला. येताना त्याने गळाची दांडी, रीळ आणि चमकणारे प्लास्टिकचे मासे आणले होते. होडी सावकाश चालवायची, मागे दोरी सोडायची, खोटा मासा ओढत न्यायचा. याला ट्रोलिंग म्हणतात, असं तो म्हणाला. स्वरूपला ट्रोलिंग म्हणजे फोनवर अनोळखी माणसाची आई-बहीण काढणं, एवढंच माहीत होतं.

दोरीला जड शिसं बांध, खोल जाऊ दे, असा स्वरूपचा आग्रह. नबीलने कारण विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

स्वरूप वल्ही मारत होता. धुक्यात एकही पाणकावळा नव्हता. बेडूक नाही. वाऱ्याचाही आवाज नाही.

आणि मग…

रीळ वाजलं.

नबीलने दोरी गुंडाळायला घेतली. झटापट नाही, ओढाताण नाही. नुसतं वजन. पिशवी वर ओढावी तसं.

मरळ आली. चांगली हातभर.

ती साफ केलेली होती.

खवले काढलेले. पोट चिरून आत धुतलेलं. कल्ले काढलेले. अंगावर मसाला भरायला चिरा पाडलेल्या. फक्त तोंडात गळ.

"एवढी सर्व्हिस मस्कतला पण नाय रे," नबील म्हणाला.

मग त्याने स्वरूपचा चेहरा बघितला.

मरळीच्या शेपटीची खालची पाकळी तिरकी कापलेली होती. तशी एकच माणूस कापायचा. काशीराम. मार्गशीर्षात मालन घरात मासळीचा वासही येऊ द्यायची नाही. म्हणून ते पाण्यावरच मासा साफ करायचे आणि बाहेर खोपीत शिजवून खायचे. शेपूट तशी का कापायची, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

स्वरूपने वल्ही आत ओढून ठेवली.

होडी थांबली नाही.

ती सावकाश, अगदी ट्रोलिंगच्या चालीने, पुढे जात राहिली. मरळ सोडवताना गळ पुन्हा पाण्यात पडला होता, पण दोरी आता मागे नव्हती. ती पुढे ताणलेली होती.

आणि होडीच्या फळ्यांखालून…

खर्र… खर्र… खर्र…

खवले काढताना कोयता लागतो, तसा आवाज.

नबील कलमा पुटपुटत होता. स्वरूप काठावरून वाकला. त्याला स्वतःचा आवाज लहान मुलासारखा वाटला.

"बाबा, घरी येतास काय? आयेनं अजून कुंकू पुसलान नाय."

आवाज थांबला.

दोरी सैल पडली.

मग धुक्यातून किनारा दिसला. होडी त्यांच्याच उतारावर येऊन लागली होती.

नबील म्हणाला, फेकून दे ती. स्वरूपला फेकवेना. पडवीतल्या टोपलीत ठेवून तो हातपाय धुवायला गेला. परत आला तर आई टोपलीशी उकिडवी बसलेली. तिचं बोट शेपटीवर.

"कोणी साफ केलान?"

"मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. "तुला नाय जमत."

गुरुवार होता. घरात कलश मांडलेला, पानं, नारळ, सगळं. मालनने त्याच घरात, त्याच चुलीवर मरळ शिजवली. मार्गशीर्षात, आयुष्यात पहिल्यांदा. एक ताट वाढून उंबऱ्याकडे तोंड करून ठेवलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला दोघीजणी आल्या आणि वास घेऊन अंगणातूनच फिरल्या. तिला काही वाटलं नाही. तिने विनोदकाकांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं, पुतळा जाळू नका, माणूस हाय.

नबीलने सुट्टी अर्धवट टाकली आणि विमान पकडलं. दांडी स्वरूपकडेच राहिली. परत मागितली नाही.

मालन रोज पहाटे स्वरूपला पाठवू लागली. तो नको म्हणाला की ती जेवायची नाही. रोज मरळ यायची. रोज साफ केलेली. मग एक दिवस मीठ लावलेली आली. दुसऱ्या दिवशी हळद. पाण्यातून वर येऊनही हळद गेलेली नव्हती. मालन म्हणाली, तिखट कमी आहे, उद्या सांग.

स्वरूप हसायला गेला. हसू आलं नाही.

कारण तिने हिरवी साडी काढली होती. हातात नवा चुडा भरला होता.

"उद्या मी पण येतंय," ती म्हणाली.

"आये, तुला पोहता येत नाय."

"पोहायचा कुठं हाय मला."

त्याच संध्याकाळी स्वरूपने दोन्ही वल्ही उचलली आणि खाडीकाठी नबीलच्या घरी नेऊन टाकली. उशिरा परतला. आई जागी होती. रागावली नाही. डोक्यावरून हात फिरवला, जसा कित्येक वर्षांत फिरवला नव्हता.

"वेडा हायस," ती म्हणाली. "वल्ही लागतात काय तिला?"

होडी वल्ह्यांशिवाय चालली होती, हे स्वरूपने आईला कधीच सांगितलं नव्हतं. नबीलनेही नाही. नबीलला फोन करून स्वरूपने दोनदा खात्री केली.

आता स्वरूप रात्री दारात आडवा झोपतो, आईला ओलांडता येऊ नये म्हणून. आणि रोज पहाटे डोळा उघडला की आधी तिच्या अंथरुणाकडे हात लांब करून बघतो…

तिचा पाय लागतो का.

आजपर्यंत लागलाय.