मीटिंगमधला भाऊ

ज्या देशात बसथांब्यावर, लिफ्टमध्ये, अगदी बागेतल्या बाकावरही इंटरनेट मिळतं, तिथे नेमकी माझीच खोली कोरडी पडली. रहिवासी कार्ड नाही, म्हणून कनेक्शन बंद. उघडा लॅपटॉप छातीशी धरून मी जिन्यात उभी होते, तेवढ्यात समोरच्या मराठी शेजाऱ्याचं दार उघडलं.

"मीटिंग?" त्याने विचारलं.

"सुरू होतेय..."

"मग आत या. जिन्यात बसलात तर त्यांना लोकांच्या चपला दिसतील."

तो मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. त्या दिवसापासून त्याच्या टेबलाचं एक टोक माझं झालं. मी मान वर केली, की त्याची नजर घाईने कागदावर जायची.

धाकधूक एकच होती. ऑफिसच्या लेखी मी मायदेशी, माझ्या घरी होते. देशाबाहेरून काम करायची परवानगी नव्हती. कळलं, तर नोकरी गेली. म्हणून मीटिंगमध्ये माझ्यामागे कायम आमच्या हॉलचा फोटो लावलेला असे.

एका सकाळी तो चहाचा कप ठेवायला वाकला – आणि सगळ्या टीमसमोर आमच्या हॉलमध्ये अवतरला.

"कोण गं हा?" मॅडमनी विचारलं.

"भाऊ," मी म्हणाले.

मीटिंग संपली. तो नळाखाली ब्रश धूत राहिला. रंग केव्हाच निघून गेला होता.

"निदान लांबचा तरी करायचा," तो म्हणाला.

"घाबरून गेले हो. काहीतरी तोंडातून गेलं..."

"मनात असतं तेच जातं."

फोन वाजला. मॅडम.

"तू तर एकुलती एक ना? मग भाऊ कुठून उगवला?"

मावसभाऊ म्हटलं असतं, तर निभावलं असतं. त्याची पाठ माझ्याकडे होती, कान मात्र इकडेच. त्याला पुन्हा भाऊ म्हणायला जीभ रेटेना.

"मॅडम, मी घरी नाही. देशाबाहेर आहे. हॉलचा नुसता फोटो आहे."

"हे मला वर कळवावं लागेल. पुढचं सांगता येत नाही."

"हो."

"आणि तो मुलगा?"

"शेजारी आहे."

"नुसता शेजारी?"

"मला... नुसता नकोय. पण त्याला अजून विचारलं नाही."

नळ बंद झाला. ओल्या हातांनीच तो जवळ आला आणि फोनकडे वाकला.

"मॅडम," तो म्हणाला, "शेजाऱ्याची काही हरकत नाही."