ट्रॉलीत कोणी काय सारलं?

"अडकला! बॉल अडकला!" सौरभ ओरडला.

"मग ओढ ना!" ऋतिका म्हणाली.

"निघतच नाहीये! सकाळी याच ट्रॉलीखालून सुर्रकन पलीकडे गेला होता. चार वेळा!"

निधी धावत आली. पार्कसाइटच्या टेकडीवर, चाळीच्या तोंडाशी तिच्या बाबांची, प्रीतमची, पिकअप उभी होती. मागे दोन चाकांची ट्रॉली जोडलेली. त्यात गावच्या शाळेसाठी लोखंडी बाकं, वर ताडपत्री. पाच वाजता गाडी कोकणात निघणार. आणि साडेचार वाजले होते!

निधी वाकली. फुटबॉल ट्रॉलीच्या मागच्या दांड्याखाली पार चेपला होता.

"ट्रॉली बसलीय," ती म्हणाली. "आणि पिकअपचं मागचं अंग बघा, वर उचललंय! कोणीतरी ट्रॉलीच्या मागच्या टोकाला वजन टाकलंय."

"टाकलं तर टाकलं! लोखंडी आहे ती," सौरभ म्हणाला.

"शहाणाच आहेस! बाबांनी सकाळी काट्यावर वजन करून आणलंय. गाडीला झेपतं त्यातले फक्त ऐंशी किलो बाकी होते. जड बाकं मुद्दाम चाकांच्या जरा पुढे ठेवलीत. भार मागे गेला ना, तर उतारावर ट्रॉली शेपटीसारखी डुलते. गाडीलाच फिरवते!"

ऋतिकाने उताराकडे पाहिलं. खाली वळणावर रिक्षा, केळीवाला, क्लासला निघालेली पोरं. ती म्हणाली, "बाबांना सांग ना!"

"पंक्चरवाल्याकडे स्टेपनी आणायला गेलेत. फोन उचलत नाहीत. येतील आणि थेट निघतील!"

चाळीचे सेक्रेटरी श्यामकांतकाका गाडीजवळ खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले होते.

"काका, ताडपत्री सोडू?" निधीने विचारलं.

"खबरदार! कोणी काही टाकलेलं नाही. आम्हाला शिकवू नका!"

सौरभने एक डोळा मिचकावला आणि चाळीकडे तोंड करून आरोळी ठोकली, "ऐका हो ऐका! ट्रॉलीतल्या सामानाला नावाच्या चिठ्ठ्या लावतोय! बिननावाचं सामान गावच्या देवळाला जाणार!"

"असं कोण म्हणालं?" ऋतिका कुजबुजली.

"मी!"

पहिल्या आल्या सुनंदाकाकू, हाताला पीठ तसंच. "मेल्यांनो, माझो पाटो-वरवंटो देवळाक कित्याक? लिही, सुनंदा! हलकोच आसा!"

मागून यज्ञेशकाका. "माझ्या उरलेल्या फरशीच्या चार पेट्या. हलक्याच आहेत."

"पेटीवर वजन छापलेलं असतं, काका. किती?"

"अठ्ठावीस किलो."

"चार पेट्या, एकशे बारा!" निधीने कपाळावर हात मारला.

दुसऱ्याची गाडी गावाला निघाली की लोकांना आपलं घर रिकामं करायचं सुचतं. फुकट ते पौष्टिक! वजन मात्र ज्याच्या हाती स्टिअरिंग त्याच्या जिवावर.

मग खुर्ची करकरली. श्यामकांतकाका सौरभच्या कानाशी आले. "माझी... जुन्या ओट्याची कडप्प्याची लादी. शंभरेक किलो. हळू बोल."

"काका! तुम्ही पहारा गाडीला देत होतात की लादीला?"

तेवढ्यात स्टेपनी घरंगळवत प्रीतम आला. निधीने लिहिलेली सामानाची यादी त्याच्या हातात दिली. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"अडीचशे किलो? तेही मागे? हे घेऊन मी घाट उतरणार होतो?"

प्रीतमने ताडपत्रीची दोरी सोडली.

"उतरवा. सगळं!"

लादीला चौघं लागले. एक कोपरा श्यामकांतकाकांच्या वाट्याला आला, आणि त्यांची वाट लागली!

साडेपाचला प्रीतमने हूक हलवून पाहिला, साखळी तपासली आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी उताराला लावली. सगळे कठड्याशी जमले. पिकअप वळणावर पोचली आणि एक रिक्षा सरळ आडवी घुसली!

ब्रेक किंचाळले. निधीने डोळे मिटले.

"उघड गं डोळे! बघ!" ऋतिका तिला गदागदा हलवत होती.

पिकअप रिक्षापासून वीतभर अंतरावर थांबली होती. ट्रॉली तिच्या मागे सरळ. इकडे नाही, तिकडे नाही. खिडकीतून बाबांचा हात बाहेर आला आणि हलला.

सुनंदाकाकू पायरीवर बसल्या. "गो बाय, माझो दगड मागे आसतो तर..." त्यांनी निधीला जवळ ओढलं, पिठाचे हात विसरून.

श्यामकांतकाकांनी घसा खाकरला. मग सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी होती. प्रीतमला आज या तीन पोरांनी वाचवलं!"