खिशातले हात

नवा रायपुरात एक बस चुकली की दुसरी केव्हा येईल, हे सांगण्याचे धाडस कुणी करीत नाही. रस्ता असा रुंद की पलीकडच्या माणसाचा चेहरा ओळखू येऊ नये, आणि त्या दुपारी तर पलीकडे माणूसच नव्हता. फेब्रुवारीतली एक चुकार सर थांब्याच्या छपरावर ताशा वाजवीत होती, आणि छपराखाली सुनेत्रा वाशिमकर छातीशी एक जाड पाकीट धरून अंग चोरून उभी होती. पाकीट खालून भिजत होते, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. तळ फाटला, आणि आतली तीन मोठी छायाचित्रे घसरून थेट साचलेल्या पाण्यात...

"अहो, थांबा! पाय नका देऊ त्यायच्यावर!"

थांब्याच्या दुसऱ्या टोकाचा तरुण पुढे आला. इस्त्रीच्या कपड्यांची पर्वा न करता त्याने गुडघा टेकला, छायाचित्रे कडेने अलगद उचलली, खिशातला रुमाल काढून टिपली आणि बाकावर ओळीने मांडली. टिपण्याची त्याची रीत अशी हळुवार होती की सुनेत्राला उगीचच स्वतःच्या ओल्या केसांची आठवण झाली.

"थँक यू, भैया," ती म्हणाली.

"तेवढं भैया नका म्हणू, मॅडम. मी अकोल्याचा हाय. भैया म्हटलं की पुढचं बोलणंच खुंटते."

सुनेत्राला हसू आवरेना. जन्म रायपुरातला, त्यामुळे घराबाहेर तिला हिंदीच सुचे. "आपको कैसे पता, मैं मराठी समझती हूँ?"

"पाकिटावर नाव लिहून हाय ना... वाशिमकर. आमच्या बाजूलेच तर हाय वाशिम. मी गंधार पातूरकर." मग बाकाकडे पाहून तो म्हणाला, "बस तर येत नाही. मी चेहऱ्यावरून सांगू का, कोण काय करत होतं ते?"

"बताइए," ती म्हणाली, आणि नकळत बाकाच्या जवळ सरकली.

"ह्या बाई कोणाचं ऐकत नसतील."

"हमारी चेयरमैन हैं. विमलाजी."

"पाहा! हे हसरे काका... पहिलवान?"

"भैय्यालालजी. सायकल पर ख़ाली बोतलें बेचते थे. अब डायरेक्टर हैं."

"वा! आणि हे तिसरे..." तो थबकला. "बाकीच्यायचे हात दिसून राहिले. यायचेच खिशात काहून?"

सुनेत्राचे हसू विरले. "वो... बी. फार्म. हैं. नागपुर से," ती घाईने म्हणाली.

शिक्षण कुणी विचारलेच नव्हते. आणि तो तिसरा गृहस्थ आपला बाप आहे, हे मात्र तिने सांगितले नाही.

तेवढ्यात सुनेत्राची बस आली. गंधारने छायाचित्रे आपल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हाती दिली, आणि खिडकीबाहेर रुमाल हलवणारी त्याची आकृती दिसेनाशी होईतो सुनेत्राने मान वळवली नाही.

दूर्वांकुर फार्मा ही कंपनी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, दोन पत्र्याच्या इमारतींत मावणारी. खोकल्याचे औषध, तापाच्या गोळ्या, मलम, एवढाच तिचा पसारा. एका मोठ्या रुग्णालयाकडून वर्षभराची मागणी मिळण्याची चिन्हे होती. मात्र रुग्णालयाची अट अशी की कंपनीच्या प्रत्येक संचालकाची पूर्वपीठिका त्रयस्थाकडून तपासून घ्यावी. ते परिचय लिहिण्याचे काम कार्यालयातल्या सुनेत्राकडे आले होते, आणि तिने ते सुबक अक्षरांत पार पाडले होते.

भैय्यालालांच्या परिचयात तिने 'काचव्यवसायाचा प्रदीर्घ अनुभव' असे लिहिले, तेव्हा त्यांनी कागद परत केला. "बेटी, लिखो कि बोतल धोता था, और सायकल पर बेचता था. काच का ब्योपारी कोनो अउर होही." ते खदखदून हसले होते. तिने ते दुरुस्त केले. बापाच्या परिचयात मात्र असे काही घडले नाही. तिथे तिने लिहिले, 'औषधनिर्माणशास्त्राचे पदवीधर, नागपूर.' श्यामकांतांनी चष्मा लावला, कागद वाचला, तिच्याकडे एकदा पाहिले आणि निमूट सही केली.

वस्तुस्थिती अशी होती की श्यामकांत मॅट्रिक होते. विमलाबाईंच्या दिवंगत पतीच्या दवाखान्यात, रायपुराच्या पुरानी बस्ती भागात, त्यांनी एकोणीस वर्षे कंपाउंडरचे काम केले. डॉक्टरांच्या मागे बाईंनी कंपनी काढली, तेव्हा औषध कसे मिसळते हे अचूक जाणणारा माणूस म्हणून त्यांना संचालक केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीस आले, म्हणून सुनेत्रा पाणी घेऊन गेली, तर खुर्चीत गंधार!

"मॅडम," तो उठून म्हणाला, "फोटो वाळले का?"

तिने मान हलवली आणि पाण्याचा पेला त्याच्यापुढे ठेवला.

पुढचे दोन दिवस कंपनीच्या त्या रुक्ष खोलीला काही निराळाच वास होता. सुनेत्रा चहात वेलदोडा घालू लागली. गंधार कागद तपासता तपासता मध्येच खोकू लागला.

"औषध देऊ? आपल्याच कंपनीचं आहे," तिसऱ्या खोकल्याला ती म्हणाली. मराठी तिच्या तोंडी केव्हा आली, तिचे तिलाच कळले नाही.

"तपासनीसानं कंपनीची बाटली घेतली तर लाच होते ना."

"मग खोकू नका."

"खोकलो नाही तर तुम्ही पाहत नाही."

तिने मान खाली घातली... पण ओठांचे काय करावे, ते तिला समजेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो खोकला नाही. समोरचा कागद त्याने तिच्याकडे फिरवला. "एक कागद राहिला. श्यामकांत वाशिमकर, पदवी-प्रमाणपत्र. नागपूरले विचारलं मी. त्या नावाचं कोणी नाही तिथं." मग आवाज उतरवून, "तुमचे कोण लागतात?"

"बाबा," ती म्हणाली. तीन दिवसांपूर्वी हाच शब्द तिला सहज उच्चारता आला असता.

पुढे जे घडले, त्याची लाज तिला कित्येक वर्षे पुरणार होती. तिने चहाचा पेला त्याच्यापुढे सरकवला, बोटे त्याच्या बोटांना लागतील इतकी पुढे सरकवला, आणि थांब्यावरचे ते हसू पुन्हा चेहऱ्यावर आणून म्हणाली, "एकच तर ओळ आहे... सोडून द्या ना. माझ्यासाठी."

गंधारने हात मागे घेतला. रागाने घेतला असता तर बरे झाले असते. चटका बसलेल्या माणसासारखा घेतला.

"तुमच्यासाठी मी गंजच काही करीन, सुनेत्रा," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने नाव घेतले होते, आणि तेही अशा वेळी. "हे सोडून. उद्या अकरा वाजता माझा अहवाल जाते. त्याच्या आधी कंपनीनं स्वतःहून दुरुस्तीचं पत्र दिलं, तर ती दुरुस्ती होते. माझ्या कागदात आलं, तर ते खोटं होते. सही तुमच्या बाबांची हाय. संचालकपद जाईन त्यायचं."

त्याने फाइल मिटली. चहा तसाच निवत राहिला.

रायपुरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या घरी श्यामकांत ओसरीवर बसून शेजारच्या बाईंच्या औषधाच्या बाटलीला पट्टी चिकटवीत होते. जुनी सवय. कागदाची अरुंद पट्टी, तिला एकेका मात्रेपाशी कात्रीने नेमक्या खाचा. ज्याला वाचता येत नाही त्यानेही एका वेळी एका खाचेपर्यंतच औषध घ्यावे, अशी ती युक्ती. सुनेत्रा समोर बसली आणि सगळे सांगून टाकले. फक्त चहाचा पेला तिने वगळला. मग थोडे थांबून तोही सांगितला.

श्यामकांतांची कात्री थांबली नाही.

"तुम्ही वाचलं होतं ना, बाबा? मग सही काहून केली?"

"तू लिवलं होतं, म्हणून केली."

"पण खोटं होतं ते!"

"व्हय. पण मले वाटलं, पोरीले असा बाप पायजे असन. आता या वयात कुठून आणू? सहीनं होत असन तर..." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "तुले आठवते, तू सहावीत होती. शाळेत तुले बक्षीस होतं."

तिला आठवत होते. तोंड आले की लावायचे जांभळे औषध बाबा रोज घोटत, आणि बोटे सदाची जांभळी असत. 'तुम्ही येऊ नका, सगळे तुमचे हात पाहतात,' असे ती म्हणाली होती. ते आले होते. मांडवाच्या शेवटच्या खांबाशी, दोन्ही हात विजारीच्या खिशात घालून उभे राहिले होते, आणि बक्षीस घेतल्यावर सगळे बाप टाळ्या वाजवीत असताना तिचा एकटा बाप टाळी न वाजवता नुसता मान हलवीत होता.

त्या छायाचित्रातले हात...

बोटांवरचा रंग केव्हाच गेला होता. हात मात्र चारचौघांत वीस वर्षे खिशातून निघाले नव्हते, आणि ते कुणामुळे, हे एका परक्या माणसाने बसथांब्यावर विचारीपर्यंत तिच्या मनातही आले नव्हते. सुनेत्राने बापाच्या गुडघ्यांवर कपाळ टेकले. रडण्याचाही आपल्याला अधिकार उरला नाही, असे तिला वाटले. पण रडू आले.

"उठ, माय," ते म्हणाले. "सही मी केली, पत्र मीच देतो."

"नाही. लिहिलं मी. पत्रही मीच लिहीन."

सकाळी दहा वाजता तिने संचालकांपुढे ते उभ्याने वाचले. "श्यामकांत वाशिमकर. शिक्षण, मॅट्रिक. पूर्वानुभव, पुरानी बस्तीतील दवाखान्यात एकोणीस वर्षे कंपाउंडर. आधीच्या परिचयातील पदवी खोटी असून ती मी, त्यांच्या मुलीने, त्यांना न विचारता लिहिली. कारण... कारण मला त्यांच्या कामाची लाज वाटत होती."

शेवटचे वाक्य कागदावर नव्हते.

भैय्यालालांनी मान दुसरीकडे वळवली. विमलाबाई मात्र तिच्याकडे रोखून पाहत राहिल्या. "बाप को तो छिपाया ही," त्या सावकाश म्हणाल्या, "मेरे पति का दवाख़ाना भी मिटा दिया तुमने. उन्नीस साल. डॉक्टर साहब की लिखावट इस शहर में एक ही आदमी पढ़ पाता था." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पत्र जाएगा. और एक साल तक इस कंपनी के किसी काग़ज़ पर तुम्हारे दस्तख़त नहीं होंगे. जाओ."

शिक्षा रास्त होती, आणि सुनेत्राने ती मान लववून घेतली. दहा वाजून चाळीस मिनिटांनी पत्र गंधारच्या हाती पडले. त्याने ते वाचले, पोच दिली, वेळ लिहिली. "बरं केलं," एवढेच तो म्हणाला आणि निघून गेला. तिला त्याच्या डोळ्यांकडे पाहवले नाही.

रुग्णालयाने मागणी दिली. वर्षाची नव्हे, सहा महिन्यांची. श्यामकांतांचे संचालकपद राहिले. छायाचित्र नव्याने काढायचे ठरले, तेव्हा सुनेत्रा छायाचित्रकाराच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हात." ते ओशाळले. मग दोन्ही हात बाहेर आले, आणि ते ठेवावे कुठे हे न कळून टेबलावर शेजारी शेजारी स्वस्थ पडून राहिले.

गंधारकडून मात्र काही नाही. अठरा दिवस झाले. वेलदोड्याची डबी तिने फडताळात मागे सारली. ज्या माणसापुढे आपण तो पेला सरकवला, तो परत का म्हणून येईल?

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या दारात कुणी तरी खोकले.

"पत्र भेटलं त्याच दिवशी मी ती फाइल दुसऱ्याकडं दिली," गंधार उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "हापिसात सांगितलं, की त्या कंपनीत माझं मन अडकून राहिलं. त्यायनं सांगितलं, काम मिटेपर्यंत तिकडं फिरकायचं नाही. काल मिटलं."

"पण मी तुम्हाला... त्या दिवशी तो चहा..."

"चहा थंडा झाला होता. आता गरम करा." त्याने घडी घातलेला कागद पुढे केला. "आधी हे तपासा. बारकाईनं."

संचालकांच्या परिचयाचा तोच छापील नमुना होता तो. नाव, गंधार पातूरकर. शिक्षण, पदवीधर, 'बारावीत एकदा नापास, हे आजवर कुठेच लिहिले नाही.' पूर्वपीठिका, 'वडिलांची पिठाची गिरणी. शाळेत असताना कपड्यांवरचे पीठ झटकून मी मित्रांना सांगत असे, वडील बँकेत आहेत.'

सुनेत्राने वर पाहिले. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणून त्या दिवशी तुमच्यावर रागावता आलं नाही मले," तो म्हणाला. "शेवटचा रकाना रिकामा हाय. मले खोटं लिहिता येत नाही... आणि खरं काय, ते तुमच्या हाती."

शेवटचा रकाना होता, 'कंपनीच्या संचालकांशी नाते.'

सुनेत्राने कागद भिंतीला टेकवला. मग त्याच्याच खिशातले पेन तिने काढून घेतले आणि सुबक अक्षरांत लिहिले, 'होणारे जावई.' खाली तिने सही केली आणि पेन त्याला परत दिले. ही सही कंपनीच्या कामाची नव्हती, म्हणून चालण्यासारखी होती.

"सुनू, कोण आलं व?" आतून श्यामकांत बाहेर आले.

तिने कागद त्यांच्यापुढे धरला. "बाबा, यावर तुमची सही पाहिजे. पण आधी नीट वाचा. पटलं तरच करा."

श्यामकांतांनी चष्मा लावला. दोन्ही हातांनी कागद धरून ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले. नापास, गिरणी, पीठ, सगळे सावकाश. शेवटचा रकाना त्यांनी दोनदा वाचला. मग चष्म्यावरून त्यांनी मुलीला विचारले,

"हे तरी खरं हाय ना, पोरी?"

"हो, बाबा," ती म्हणाली. "अगदी खरं."

त्यांनी गंधारपुढे उजवा हात पसरला.

"मंग आण पेन."