निळ्या पाण्यातल्या गोगलगायी

सोमवारी सकाळी सातवीच्या वर्गातल्या काचेच्या टाकीतलं पाणी निळंशार झालं होतं आणि त्यात बारा मासे मरून तरंगत होते. परिसंस्था म्हणजे काय, हे विज्ञानाच्या बाई याच टाकीवर शिकवायच्या. मुलांनी वर्षभर जिवापाड जपली होती ती.

निळा रंग मोरचुदाचा, आणि मोरचूद बाईंच्या प्रयोगशाळेतला. मुख्याध्यापिकांनी दुपारपर्यंत लेखी खुलासा मागितला, नाहीतर नोकरी गेली म्हणून समजा. बाईंनी धावतपळत गल्लीत गुप्तहेर म्हणून नावाजलेल्या वहिनींना आणलं. सोबत त्यांचे भावजी होतेच. त्यांचं डोकं सावकाश चालायचं, पण निकाल मात्र ताबडतोब लागायचा.

उपमुख्याध्यापकांनी प्रयोगशाळा उघडून दिली. त्यांच्या जुडग्यातल्या लांब लोखंडी किल्लीचं टोक तांबूस दिसत होतं.

"गंजली की हो सर," भावजी म्हणाले.

"शाळाच जुनी, किल्ली कुठली नवी?" सर हसले. शनिवारी संध्याकाळपर्यंत ते सातवीच्या वर्गात टेबलफॅन लावून इतिहासाचे पेपर तपासत होते, तेव्हा मासे ठणठणीत होते. आज सातला आले तर पाणी निळं. मोरचूद आणि मीठ यातला फरकही आपल्याला कळत नाही, असं त्यांनी वर सांगितलं.

बाई शनिवारी दुपारीच गेल्या होत्या. प्रयोगशाळेची दुसरी किल्ली त्यांच्याकडे. वर्गात विजेचा प्लगपॉइंट एकच, त्यावर टाकीत हवा सोडणारा पंप, तो त्या कधी काढत नसत.

"बाईंकडेच पाणी मुरतंय," भावजी कुजबुजले.

वहिनी टाकीवर वाकल्या. मासे फुगून वास मारत होते. पाण्याच्या वर, काचेला चिकटून, गोगलगायी मात्र हळूहळू सरकत होत्या.

तासाभरानं त्यांनी सगळ्यांना वर्गात बोलावलं, मुलांसकट.

"मोरचूद म्हणजे गोगलगायींना जहाल विष. तो शनिवारी पडला असता तर त्या जगल्या नसत्या. तो आज सकाळी पडला, मेलेल्या माशांवर. मासे हवेविना गुदमरून गेले. सर, टेबलफॅन कुठं जोडला होता तुम्ही?"

सगळा वर्ग त्या एकुलत्या प्लगपॉइंटकडे बघायला लागला.

"पंप परत लावायचा राहिला असेल," सर म्हणाले. "पण मोरचुदाला मी हात लावलेला नाही."

वहिनी मुलांकडे वळल्या. "मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला तर काय होतं?"

चाळीस हात वर गेले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "खिळ्यावर तांबं चढतं."

"सर, ती किल्ली द्या. ढवळायला चमचा सापडला नव्हता ना?"

वहिनींनी किल्लीचं टोक रुमालानं घासलं. गंज असता तर रुमालाला लागला असता. इथं तांबं लखलखलं.

सर बाकावर बसले. आज शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणे येणार होते, मासे आपल्यामुळे मेले हे कळलं असतं तर सगळ्यांसमोर मान खाली गेली असती, म्हणून बाईंवर ढकललं, असं काहीसं पुटपुटले. आता ती गेलीच होती, तीही सातवीच्या मुलांसमोर.

"मी गंज म्हणालो होतो," भावजी ओशाळले.

"तुम्ही सातवीत बसा परत," वहिनी म्हणाल्या.

मुख्याध्यापिकांनी बाईंची माफी मागितली. बाईंचे डोळे मात्र आधीच भरले होते, चाळीसच्या चाळीस हात वर गेले तेव्हाच. त्यांनी पदरानं डोळे पुसले, स्वच्छ पाण्याची बादली मागवली आणि मुलांना आधी गोगलगायी काढायला सांगितल्या.