लाल गाडीतली दुसरी जागा

डोळे मिटा बरं, पोरांनो, आणि एक अंगण डोळ्यांसमोर आणा. पातूरच्या अलीकडचं काळ्या मातीचं एक गाव, शेणानं सारवलेलं अंगण, कडेला पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या झाडांचा, वाळका भारा, तुळशीजवळ पाण्यानं भरलेला पितळेचा मोठा गुंड... आणि या सगळ्याच्या मधोमध एक लालभडक मोटार. इतकी बुटकी, की घरची कोंबडी एका उडीत तिच्या टपावर जाऊन बसली. दारं दोन, आणि बसायच्या जागाही दोनच. आता मोटारीभोवतीची माणसं बघा.  सगळ्यांचे डोळे ओसरीवरच्या आजीकडे लागले आहेत, आणि आजी मात्र खाली मान घालून, अगदी सावकाश, तुरीच्या डाळीतले खडे वेचते आहे.

त्या आजीचं नाव मनकर्णाबाई. तिच्या एका शब्दावर आज तिच्या मुलाचं उभ्या आयुष्याचं स्वप्न टांगलेलं होतं.

“आई, हो म्हन, नाही म्हन, पन काहीतरी म्हन,” अमोल म्हणाला.

तिनं सूप बाजूला ठेवलं. “वापस ने ते.”

एवढंच बोलून ती उठली आणि आत निघून गेली. अमोल जिथं उभा होता तिथंच उभा राहिला. चाळिशीला आलेला तो गडी, पण त्या क्षणी त्याचा चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा झाला होता.

अमोलचं पातूरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर तो दोन दारांच्या मोटारी काढायचा; मोठेपणी वर्तमानपत्रातली चित्रं कापून दुकानाच्या भिंतीला चिकटवायचा. तसली मोटार म्हणजे श्रीमंतांची, परदेशातली चीज. पण त्या वर्षी एका कंपनीनं तीच ऐट साध्या माणसाच्या आवाक्यात आणली होती. ट्रॅक्टरपेक्षा थोडी महाग, बस! अकोल्याच्या शोरूममधले शाहनवाजभाई अमोलचे जुने ओळखीचे. “पहले घर में दिखाओ, फिर सोचो,” असं म्हणून एक दिवसासाठी त्यांनी स्वतः ती गाडी गावात आणली होती.

“दोघायचीच गाडी,” अमोलची बायको सीमा लेकीला जवळ ओढत म्हणाली, “मंग मी अन् रुखी का मांगून पयत येऊ?” पण ती हसत होती. नवऱ्याची हौस तिला ठाऊक होती. अमोलनंच तिला सांगून ठेवलं होतं, की आई हो म्हणाली तरच घ्यायची.

आणि आई नाही म्हणाली होती.

तिच्या नाहीला कारण नव्हतं असं नाही. वऱ्हाडासाठी ती वर्षं फार वाईट होती. वेचलेला कापूस भाव नसल्यानं घराघरांत तसाच पडून होता. अमोलच्या दुकानात दुरुस्त झालेले ट्रॅक्टर न्यायला माणसं येत नव्हती. त्या वर्षी गावात तीन लग्नं झाली आणि तिन्ही बँडशिवाय. गल्लीच्या टोकाला कर्जापायी कर्ता माणूस गमावलेलं एक घर होतं, त्याच्यासमोरून जाताना लोक आपोआप आवाज खाली घेत. अशा गावात लाल मोटार मिरवायची?

पण मुलांनो, माणूस कधी कधी खऱ्या कारणाआड दुसरं खरं कारण लपवतो. मनकर्णाबाईच्या काळजात एक सल होता... चव्वेचाळीस वर्षं जुना. गाडी दारात शिरली तेव्हा जमलेल्या लोकांत कोणीतरी म्हटलं होतं, “शेवटी मामावर गेला पोरगा. वेग रक्तातच हाये.” तो सल तिथंच पुन्हा ठसठसला होता.

अमोलचा मामा म्हणजे पुंजाराम. वरूडकडे त्याची संत्र्याची बाग होती, पण पंचक्रोशीत तो बागेमुळे नव्हे, तर शंकरपटामुळे ओळखला जाई. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलका छकडा, बसायला जेमतेम एक फळी, धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, हातात कासरा, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धाव संपलेली! मोठ्या पटात पुंजारामानं पहिला नंबर मारला होता, तोही एकदाच. त्यानंतर तो कधी छकड्यावर बसला नाही. लोक कौतुकानं म्हणत, “जिंकला अन् सोडलं. असा धुरकरी होनं नाही.”

तुळशीजवळचा तो पितळेचा गुंड त्याच शर्यतीचं बक्षीस. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं... ‘पुंजाराम, पहिला नंबर’. बहिणीच्या लग्नात पुंजारामानं तो रुखवतात ठेवला. तेव्हापासून रोज सकाळी मनकर्णाबाई चिंचेनं तो गुंड घासत आली होती, आणि रोज तिच्या बोटांखालून भावाचं नाव लखलखीत होऊन बाहेर येत होतं.

त्या दिवशी दुपार व्हायच्या आत मामाही आला. एस.टी.तून उतरला तो संत्र्यांची पिशवी सावरत, डोक्याला पांढरा फेटा. आई हो म्हणाली तर नव्या गाडीचा नारळ मामानं फोडावा म्हणून अमोलनंच त्याला बोलावलं होतं.

“कावून बे, तोंड कावून उतरलं?”

“आई नाही म्हनते, मामा.”

पुंजारामानं पिशवी खाली ठेवली. त्यानं ओसरीकडे पाहिलं. बहीण दारात उभी होती. “ये दादा,” एवढंच म्हणून तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. ती गेली चव्वेचाळीस वर्षं अशीच त्याच्याशी वागत आली होती. राखी चुकली नाही, भाऊबीज चुकली नाही... पण तांब्या हातात देताना तिनं त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नाही.

“मामा, घ्याची नसली तरी एक चक्कर मारू,” अमोल म्हणाला. “पहिले तुमी बसा. या घरात वेगाचा मान तुमचा.”

मनकर्णाबाई वळली आणि गुंडाशी जाऊन उगाच पाणी हलवू लागली.

पुंजाराम गाडीजवळ गेला. दाराची मूठ उजव्या हातानं धरली, पण ती त्याच्यानं ओढवेना. त्याचं मनगट जरा वाकडंच होतं. नऊ वर्षांची रुख्मिणी, अमोलची लेक, सगळ्यांत पुढं उभी होती. तिनं पटकन दार उघडून दिलं आणि सहज विचारलं, “मामाआजा, तुमचा हात कवा मोडला?”

“लय जुनं हाये, बाई.”

“पन कवा?”

पुंजारामानं बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. वाकलेली, हाडं निघालेली ती पाठ... ह्याच पाठीवर त्याचा फेटा सुटून लोंबला होता, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. 

“पटाच्या चार दिवस आधी,” तो म्हणाला.

रुख्मिणीनं भुवया उंचावल्या. “मंग तुमी कासरा कोन्या हातानं धरला?”

 शाहनवाजभाईंनी हातातल्या फडक्यानं काच पुसायची थांबवली.

“म्या धरलाच नाही,” पुंजाराम म्हणाला.  “मनूनं धरला. जोडी ह्या माह्या बहिणीनं हाकलली.”

मुलांनो, झालं होतं ते असं. त्या वर्षी त्यांचे वडील वारले होते. पाखऱ्या आणि चेंडू ही जोडी वडिलांनी पटासाठीच वाढवलेली, आणि नाव आधीच लागलेलं. चार दिवस राहिले असताना पुंजाराम बैलगाडीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. मनकर्णा त्या बैलांना वासरं असल्यापासून हातानं चारा घालत आलेली. ते तिच्या नुसत्या हाकेवर चालत. बहीणभावानं मग कोणाला न सांगता ठरवलं. भावाचं धोतर, भावाची बंडी, भावाचा फेटा, धुळीच्या निमित्तानं तोंडावर उपरणं... आणि ती छकड्यावर बसली. ती धाव तिला जन्मभर आठवत राहिली. कानांत वारा, पायांखाली थरथरणारी फळी, आणि समोर दोन शिंगांच्या मधून आपल्याकडे धावत येणारं आभाळ! धाव संपली, पऱ्हाटीच्या गंजीमागं दोघांनी कपडे बदलले, आणि मोडका हात उपरण्याखाली झाकून बक्षीस घ्यायला पुंजाराम गेला.

“पुढच्या पटाले सांगू,” तो म्हणाला होता. पण पुढच्या पटाच्या आधीच तिचं लग्न ठरलं. “पटात बसलेली पोरगी म्हनून सोयरीक मोडतीन, मनू. चूप राहा,” असं म्हणत त्यानं तिला गळ्याची शपथ घातली. ती गप्प राहिली. तिच्या नवऱ्याला तिचं सावकाश चालणं आवडत नसे, तो हयात असेपर्यंत सगळ्यांदेखत म्हणायचा, “भावाची चपळाई हिच्यात एक आनाही नाही.” ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून घ्यायची... आणि गुंड घासत राहायची.

हे सगळं पुंजारामानं भर अंगणात, तुटक तुटक शब्दांत सांगितलं. मग फेटा काढून त्यानं बहिणीच्या पायाशी ठेवला.

“मनू, मले माफ कर. म्या पुन्हा छकड्यावर बसलो नाही, कारन बसलो असतो तर लोकायले समजलं असतं. अन् लोकं त्यालेच मोठेपना म्हनत गेले...”

मनकर्णाबाईनं ओले हात पदराला पुसले. “आता सांगतं, दादा?” ती हळूच म्हणाली. “ज्यायनं आयकाव असं वाटे, ते सारे गेले. आता आयकून कोन राहिलं?”

“मी आयकून राहिलो ना, आई,” अमोल म्हणाला. 

मनकर्णाबाईनं मुलाकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या डोळ्यांत, कितीतरी वर्षांनी, तिला पाखऱ्या-चेंडूपुढचं ते आभाळ दिसलं. ती खाली वाकली. फेटा उचलून तिनं भावाच्या डोक्यावर ठेवला आणि त्याचं वाकडं मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं.

“दुखते का रे अजून?”

“थंडीत दुखते.”

“मोहाचं तेल देतो. लावत जाय.” आणि चव्वेचाळीस वर्षांनी तिनं भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

पुंजाराम गाडीपासून बाजूला सरला. “ही जागा तिची हाये,” तो अमोलला म्हणाला.

आढेवेढे न घेता मनकर्णाबाई लाल गाडीत बसली. शाहनवाजभाई धावत आले. “अम्मा, बेल्ट लगाना पडेगा. डरो मत, अमोलभाई धीरे चलाएँगे.”

“हळू चालवाची असन तर मी उतरतो,” ती म्हणाली.

गावाबाहेर रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना वेचून झालेली पऱ्हाटी, लांबवर पातूरचे डोंगर. अमोल जपून चालवत होता. त्यानं तिरक्या नजरेनं पाहिलं, तर आईनं कशालाच धरलं नव्हतं. ती पुढं झुकली होती, कोपरं अंगाशी, दोन्ही मुठी छातीपुढं... जशी फळीवर बसतात तशी.

“ढिल दे,” ती म्हणाली. “कासरा ढिला सोड.”

त्यानं सोडला. गाडी वाऱ्यासारखी निघाली. पदर डोक्यावरून घसरला, पण तिनं तो सावरला नाही. ती हसत होती आणि रडत होती, आणि अमोलला कळेना की शेजारी आई बसली आहे की कोणी पंधरा वर्षांची पोरगी.

परत येताना गाव जवळ आलं तशी तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. “हळू कर. ते टोकाचं घर आलं.” ते घर तिनं मागे पडू दिलं. मग म्हणाली, “घे तू गाडी. मी गावाच्या दुःखाआड लपलो होतो, बापू. दुःख खरं हाये, मी खोटी होतो. पन बँड लावजो नको, पेढे वाटजो नको. अन् या गल्लीत कधी हॉर्न वाजवजो नको.”

“अन् दुसऱ्या जागेवर कोन बसन?”

“ज्या पोरीले बसाव वाटन ते. एकेक चक्कर. कोनाले नाही म्हनू नको.”

गाडी अंगणात शिरली तेव्हा सीमा दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, आणि शाहनवाजभाई पुंजारामानं आणलेलं संत्रं सोलत होते. तुळशीजवळ मात्र सगळीकडे पाणी सांडलं होतं. गुंड रिकामा होऊन आडवा पडला होता. पुंजारामानं तो मांडीशी टेकवून आपल्या वाकड्या हातानं घट्ट धरला होता, आणि रुख्मिणी शाळेच्या दप्तरातून कर्कटक काढून, जीभ दातांत धरून, मामाआजाच्या नावाखाली एकेक ठिपका ठोकत होती. ‘मन’ झालं होतं. आजीकडे तिनं एकदा वर पाहिलं, आणि पुढचं अक्षर नीट यावं म्हणून गुंड उजेडाकडे वळवून घेतला.