पोस्टरवरची बाई

आमच्या हेल्पलाइनचं पोस्टर मीच केलं. प्रसिद्धीचं काम माझ्याकडे होतं आणि लोकांना विश्वास वाटेल असा एक चेहरा हवा होता.

संस्था सुरू केली मावशींनी. सगळेच त्यांना मावशी म्हणतात. त्यांच्या धाकट्या बहिणीने कुणाजवळही मन मोकळं न करता जीव दिला. त्यानंतर मावशींनी नवऱ्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत एक फोन बसवला आणि पेपरात छापलं, 'बोलावंसं वाटलं तर फोन करा. नाव विचारणार नाही.'

"माझं थोबाड नको," मावशी म्हणाल्या. "हिचं लाव." त्यांच्या हातात बहिणीचा फोटो होता. कानाला रिसीव्हर, ओठांवर किंचित हसू.

पोस्टर बसथांब्यांवर लागलं. फोन वाढले. आम्ही खूश.

मग एका दुपारी मी घेतलेल्या फोनवर एक माणूस म्हणाला, "तुम्ही नको, पोस्टरवरच्या बाईंना द्या. काल त्यांच्याशीच बोललो."

काल आमची लाइन दुरुस्तीसाठी दिवसभर बंद होती.

नंतर एक बाई म्हणाली, "त्या तुमच्यासारखं समजावत बसत नाहीत. म्हणतात, इकडे ये, इथे बरं आहे."

"जाऊ नका," मी म्हणालो. "कुठे आहात तुम्ही?"

"ठेवते हं," ती म्हणाली.

मी मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज कसा आहे म्हणाली?"

पोस्टरं उतरवली. पण रोजचे ओळखीचे आवाज एकेक करून बंद होत गेले. नाव माहीत नाही, पत्ता माहीत नाही. शोधायचं कुणाला?

शेवटी ऑफिसात बसून मी मोबाइलवरून आमचाच नंबर लावला. मावशी समोर होत्या. टेबलावरचे फोन गप्प. कुणीतरी उचलला.

"बोला, ऐकतेय मी."

तरुण, निवांत आवाज. मागे बरीच माणसं हळूहळू बोलत होती. त्यातले दोन-तीन आवाज मी ओळखले.

मावशींनी मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला.

"मावशी, ठेवा तो."

त्यांचं लक्षच नव्हतं.

"नाही गं, रागावले नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या.

"हो. निघतेच."

मोबाइल परत देताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुझीही चौकशी करत होती."